गेंटमध्ये चार दिवस, पायी

दोंडाईचा स्टेशनवर मला सोडायला वडील पायीच आले होते. दारात आलेली रिक्षा त्यांनी परत पाठवली. त्यांना आम्ही नाना म्हणतो. गाडी हलल्यावर ते फलाटाच्या टोकापर्यंत डब्याबरोबर चालत राहिले. आधी पुणे, मग जर्मनी. अकरा वर्षं झाली.

यंदा नाना आणि माय यांना महिनाभर इकडे बोलवायचं ठरवलं. त्यातले चार दिवस बेल्जियममधल्या गेंटला. तिथलं जुनं शहर कालव्यांच्या काठानं पायी पाहता येतं. सकाळी एक फेरी, दुपारी आराम, संध्याकाळी पुन्हा पाण्याच्या कडेनं. घाई नको म्हणून दिवसाला एकच ठिकाण ठेवलं. बाकं कुठे आहेत, तेही नकाशात पाहून ठेवलं.

व्हिडिओ कॉलवर नानांना हे सांगितलं. कॅनॉल म्हणजे त्यांच्या लेखी शेतीचा पाट.

"पाट पाह्याले इतला लांब? पाणी कव्हय सोडतस तठे?"

"बारा महिने असतं, नाना."

"मंग त्यासना शेतकरी सुखी शे."

माय मागून हसली. रोज किती चालता, असं मी विचारलं. "मळापर्यंत जास," नाना म्हणाले. मळा घरापासून दीड किलोमीटर. त्या अंदाजानं मी फेऱ्या आखल्या.

व्हिसासाठी फोटो हवे होते. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, असा माझा निरोप होता. मायनं फोटोवाल्याला सांगितलं, परदेशात पाठवायचाय, पूर्ण काढ. त्यानं तो थेट माझ्या नंबरवर पाठवला. मंगळवारी दुपारी ऑफिसात मी तो उघडला. दोघं उभे, डोक्यापासून पायापर्यंत, मागे डोंगराचा पडदा. नानांच्या काखेत कुबड्या. पायजम्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला.

मी फोटो मोठा केला. पुन्हा लहान केला. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, ते कळलं नाही.

फोन मायनं उचलला. साखरेमुळे जखम चिघळली, धुळ्याला पाय काढावा लागला. आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत आम्ही दर रविवारी बोललो होतो. मला नाना छातीपर्यंत दिसत.

"तो फोटो व्हिसाना सायबले दावाना व्हता, तुले नही," माय म्हणाली.

मग नाना फोनवर आले. "पहिले सांगं असतं, ते तू लई जाता का?"

मी नेलं नसतं.

अर्ज मागे घेतलेला नाही. चेहऱ्याचे फोटो नव्यानं काढले. गेंटचे दगडी रस्ते चाकाच्या खुर्चीला अवघड आहेत, म्हणून फेऱ्या कमी करून बोट ठेवली. चालायचे टप्पे आता मी नाही, नाना ठरवतील. त्याआधी मी दोंडाईचाला जातोय.

माझ्यासारखे जे बाहेर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घर सुटलं असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण दर आठवड्याला ते मी पाहत होतो. आता कळतंय, मला जेवढं दाखवलं तेवढंच मी पाहत होतो. घराची खुशाली विचारून भागत नाही. जाऊन पाहावी लागते.