रुसल्या नवरदेवाचा भराव

हौसेरावचे वरचे पुढचे दात सोमवारी काढायचे ठरले, आणि त्याच्या डोक्यात एकच घोकणं सुरू झालं: रविवार. रविवारी दिलीपसाहेबांच्या घरी जाऊन दोन वर्षं पाठ केलेलं ते चार मिनिटांचं वाजवणं टेपवर घ्यायचं. एकदाच. पुढं तोंडात कवळी येणार, आणि कवळीवर सॅक्सोफोन धरत नाही असं बँडातली जुनी माणसं शपथेवर सांगायची.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. हौसेराव तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी, गालात तंबाखू. त्या तंबाखूनंच दातांची वाट लावली. शकुबाई वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती, पण बायकोचं ऐकेल तो हौसेराव कसला! लग्नसराईत मात्र गडी वेगळाच. लाल कोट चढवायचा, गावाकडनं आणलेला जुना सॅक्सोफोन गळ्यात अडकवायचा आणि साताऱ्याकडच्या मंडळींच्या बँडात वाजवायला उभा राहायचा. बँडात शिस्त कडक. मास्तर बसवतील तसंच वाजवायचं. सूर इकडचा तिकडं झाला की सगळ्यांदेखत सात पिढ्यांचा उद्धार.

सूट एकच होती. नवरदेव मांडवाच्या दारात रुसला, घड्याळ पाहिजे, स्कूटर पाहिजे म्हणून अडून बसला, की बसवलेली गाणी संपायची पण व्याह्यांची घासाघीस काही संपायची नाही. मग मास्तर डोळ्यानं खुणावायचे, "हौशा, भराव टाक." हौसेराव एकटाच पुढं व्हायचा आणि सुचेल ते वाजवत राहायचा. वीस मिनिटं, अर्धा तास, नवरदेवाची समजूत पटेस्तोवर. त्याला ह्या भरावाची लाज वाटायची. ना आगा ना पिछा, वेळ काढायचा धंदा नुसता!

दोन वर्षांपूर्वी वाशीतल्या अशाच एका लग्नात दिलीपसाहेबांनी त्याला हेरलं. हा माणूस न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरीला, वाशीत छोटासा फ्लॅट, आणि नाद एकच, जॅझ. बोटीवरच्या कुणा इंजिनियरनं दिलेली कॅसेट त्यांनी हौसेरावला घरी बोलावून ऐकवली. अमेरिकेतला कुणी काळा वादक होता. त्याचं नाव हौसेरावच्या जिभेवर कधी बसलं नाही. आधी सगळे मिळून एक साधी चाल वाजवतात, मग बाकीचे मागं सरतात आणि तो एकटा सुटतो. काय सुटतो, महाराजा! वर चढतो, मधेच थांबतो, एकाच सुराला धरून त्याचा जीव काढतो, आणि आता हा पडणार असं वाटतं तेव्हा अलगद चालीवर येऊन उतरतो. आपल्या गळ्यातलं हे वाद्य असं रडू शकतं, हे हौसेरावला ठाऊकच नव्हतं. फरशीवर मांडी घालून तो ऐकत राहिला. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

दिलीपसाहेबांनी कॅसेटची कॉपी करून दिली. आता बँडातला माणूस काय करणार? पाठ करणार! मार्केटातली गोणी उतरवून झाली की दुपारी हा खाडीकडं जाऊन बसायचा. टेप दोन सुरांपुरता वाजवायचा, थांबवायचा, वहीत सारेगम लिहायचा, परत वाजवायचा. एक मिनिट बसवायला सहा महिने लागले. लग्नातल्या भरावाला तर तो हातही लावेना. मास्तरांनी खूण केली की म्हणायचा, "दुसऱ्याला सांगा, माझा हात बिघडतो." दर रविवारी दिलीपसाहेबांकडं जाऊन ऐकायचा, पण हे कुणी बसवलंय, कसं बसवलंय, हे त्यानं कधी विचारलं नाही. साहेबांना वाटलं, एवढं ह्याला कळतच असणार. आणि कॅसेटवर तर दर रविवारी तेच वाजायचं की!

तर तो रविवार उजाडला. शकुबाई हट्टानं सोबत आली. "उद्या दात जानार. आज काय वाजवताय त्ये मला ऐकू तर द्या," म्हणाली.

दिलीपसाहेबांनी दार उघडलं ते बोलतच. "या, या! हौसेराव, आधी हे ऐका. कालच बोटीवरनं आलं. तोच माणूस, तीच चाल, पण दुसऱ्या मैफलीतली."

चाल तीच होती. मग तो एकटा सुटला, आणि हौसेरावनं मांडीवर वही उघडून सुरांवर बोट ठेवलं. पहिला सूर वेगळा. दुसरा वेगळा. सगळंच वेगळं.

"सायेब, ह्यो चुकला का काय?"

दिलीपसाहेब हसले. "चुकतोय कसला! अहो, हीच तर गंमत आहे. तो एकदा वाजवलेलं परत वाजवत नाही. उभ्या उभ्या सुचेल ते वाजवतो. घोकून वाजवायला तो काय बँडवाला आहे?" बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

हौसेराव मांडीवरच्या वहीकडं बघत राहिला. दोन वर्षं! कुण्या माणसानं एकदा सहज उधळून टाकलेलं तो दोन वर्षं दाणा दाणा वेचत बसला होता. त्याला भयंकर लाज वाटली, मग राग आला, आणि राग काढायचा कुणावर तेही कळेना. शकुबाईला वाजवण्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड कळत होतं.

"आवं, आलाय न्हवं एवढं? वाजवा की."

दिलीपसाहेबांनी कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं. हौसेराव वहीतलं वाजवू लागला, अगदी हुबेहूब. साहेब डोळे मिटून मान डोलावत होते. तिसऱ्या मिनिटाला, वर चढायच्या जागी, डावा दात हलला. कळ मस्तकात गेली, सूर घसरला आणि पुढचं काही आठवेना.

पण तो थांबला नाही. घसरलेला सूर त्यानं तसाच धरून ठेवला. मांडवाच्या दारात नवरदेव अडलाय, मास्तर खुणावताहेत, तशी त्याची बोटं आपसूक चालायला लागली. भराव! उद्याची धास्ती, गोणीखाली कोंडलेला श्वास, दोन वर्षांचा संताप, सगळं त्यात यायला लागलं. शकुबाईनं पदर तोंडाला लावला. किती वेळ झाला कोण जाणे. दात सुटून जिभेवर आला, तोंड रक्तानं भरलं, तेव्हा कुठं तो थांबला. त्याला धाप लागली होती, पण आयुष्यात झाला नव्हता असा आनंद झाला होता. त्या अमेरिकेतल्या माणसाचं काम तो वीस वर्षं मांडवाच्या दारात करत आला होता, आणि वर लाजत होता!

"लावा सायेब. ऐकू द्या मला."

दिलीपसाहेब अवघडले. "अहो, तुम्ही मध्येच भरकटलात ना, तेव्हाच मी टेप बंद केला. म्हटलं, कॅसेट कशाला फुकट घालवा! टेन्शन घेऊ नका. तोंड धुऊन या, पहिल्यापासून पुन्हा घेऊ."

शकुबाई उठली. नवऱ्याच्या तळहातावरचा दात तिनं उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

हौसेरावनं सॅक्सोफोनवरचं रक्त रुमालानं पुसलं.

"परत कसं घेनार, सायेब?" तो म्हणाला. "आत्ताच तर तुमी सांगितलं. त्यो बी परत वाजवत न्हाई."