जावयाची संत्री

लग्नात सासऱ्यांनी मला संत्र्याचं एक कलम दिलं आणि मी ते जगवलं, असं मी चार वर्षं समजत होतो.

सासरे मोर्शीकडचे, संत्र्याचे बागायतदार. मी अकोल्याचा वकील. अकोल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात कलमाचा शेंडा वाळून काडी झाला, पण खाली बुंध्यातून एक नवा फुटवा तरारून वर आला. दोन्ही बाजू पाहून मी फुटव्याच्या बाजूने निकाल दिला आणि वाळकी काडी कापून टाकली. पुढे झाड असं माजलं, की त्याच्या काट्यांनी माझे दोन सदरे फाडले. तरी रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी मी त्याच्याशी चार शब्द बोलत असे. (घरात तेवढं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.)

चौथ्या वर्षी फळं धरली. ती पिवळी होताच मी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, मोर्शीहून बोलावून घेतलं. शेजारच्या काकूंनाही बोलावलं. मग संत्र्याच्या लागवडीवर छोटंसं भाषण केलं. मामाजींसमोर! आणि स्वतः सोलून पहिली फोड त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला. काकूंनी आपली फोड घेतली आणि तोंडाला पदर लावून त्या अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या.

"कशी आहेत?" मी विचारलं.

"चांगली हायेत," मामाजी म्हणाले, आणि जावयाचा मान राखायला त्यांनी दुसरी फोड उचलली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लेकीच्या संसाराचं कौतुक.

मग मी एक फोड खाल्ली. माझे कान हलले.

"मामाजी, हे काय आहे?"

"जांभेरी," ते हळूच म्हणाले. "आंबट लिंबाची जात हाय. संत्र्याचा डोळा जांभेरीच्या खुंटावर बांधतेत. तुमी संत्रा कापला अन् खुंट वाढवला."

मी बायकोकडे पाहिलं. सुनंदा संत्र्याच्या बागेतच वाढलेली.

"तुला माहीत होतं?"

"पयल्याच वर्षी समजलं. पान चुरलं की वास येते ना."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी रोज त्याच्याशी इतकं गोड बोलून राहिले होते. मले वाटलं, खुश हायेत तर राहू द्या."

त्या जांभेरीचं तिने लोणचं घातलं. ते इतकं झकास मुरलं, की मामाजींनी बरणी मागून नेली. पावसाळ्यात ते पुन्हा आले, संत्र्याचं नवं कलम घेऊन. मी कुदळ आणायला धावलो. परत आलो तोवर त्यांनी ते स्वतःच्या हातांनी लावलं होतं, काकूंच्या अंगणात.