हिरवी रेघ

कारखान्याच्या आमच्या शेडमध्ये त्याला सगळे रेघ्या म्हणत. नट आवळून झाला की तो हिरव्या रंगाची बारीक रेघ ओढायचा, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट ढिला पडला की रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. रेघा बाकीचेही मारायचे, पण घाई असली की राहून जायचं. त्याचं राहत नसे. सुपरवायझर म्हणायचा, "हा घरी बरणीच्या झाकणालाही रेघ मारत असेल." रेघ्या हसायचा नाही.

शेडची आणखी एक रीत होती. मशीन मोठ्या वर्कशॉपला पाठवताना नुसतं 'आवाज येतो' म्हणायचं नाही. कशाचा येतो ते उघडून, बघून सांगायचं. नाहीतर टोमणे खायचे. या दोन सवयी घेऊन तो निवृत्त झाला. मीही त्याच सुमारास झालो.

त्याची मुलगी टॅक्सी चालवते. घर त्यावरच चालतं. तिने नवी गाडी घेतली तेव्हा वाढीव वॉरंटीही घेतली. म्हणजे पहिली मुदत संपल्यावरही इंजिन, गिअरबॉक्सचा खर्च कंपनीचा. शोरूममधल्या विक्रेत्याने सह्यांच्या जागी फुल्या मारून कागद पुढे केले. रेघ्या म्हणाला, "कागद तू बघ, गाडी मी बघतो," आणि लादीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला. तिने फुल्या बघून सह्या केल्या. दोघांचं काम एकदमच आटोपलं.

पहिली मुदत संपली, वाढीव सुरू झाली, आणि तिसऱ्या गिअरला घरघर येऊ लागली. सर्व्हिस सेंटरने पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. तोवर गाडी उभी होती. मुलगी दुसऱ्या कामासाठी बाहेर गेली असताना रेघ्याने गिअरबॉक्स उतरवला. कमरेला पट्टा बांधून, जॅकवर तोलून, एकट्याने. या वयात ते सोपं नाही. आतलं बेअरिंग गेलं होतं आणि गिअरचे दातेही खाल्ले गेले होते. त्याने सगळं पुसून जागच्या जागी बसवलं, गिअरबॉक्स परत चढवला आणि प्रत्येक बोल्टवर रेघ मारली. मुलगी आल्यावर म्हणाला, "बेअरिंग गेलंय. बनावटीतच खोट आहे. सरळ दाखवू आणि बदलून घेऊ."

सर्व्हिस सेंटरला मीही गेलो होतो. गाडी लिफ्टवर घेतली होती. काउंटरवरचा माणूस खाली उभा राहून वर बघत होता.

"आमची रेघ पिवळी असते," तो म्हणाला. "ही हिरवी कुणाची?"

मुलीने तोंड उघडायच्या आत रेघ्या म्हणाला, "माझी."

"तुम्ही उघडला?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं? तिसऱ्याचं बेअरिंग आहे. तुमचा वेळ वाचवला."

काउंटरवाल्याने बोल्ट चाचपले. "काम छान आहे, काका. आमच्या पोरांना दाखवायला पाहिजे." मग कागद आणून एका ओळीवर बोट ठेवलं. अधिकृत वर्कशॉपबाहेर उघडलेल्या भागाची हमी संपते. खाली, फुलीशेजारी, मुलीची सही होती.

"बेअरिंग यांच्यामुळे नाही गेलं," मुलगी म्हणाली. "आधीच गेलं होतं, म्हणून तर उघडला."

"असेलही, ताई. पण आधी काय होतं ते यांच्याशिवाय कुणी पाहिलंय?"

"मग हे सांगतायत की."

"तेच तर."

तिने कंपनीच्या मुख्य कार्यालयाला तक्रार पाठवली. उत्तरात तीच ओळ आली. फोन केला तर एका बाईने तीच ओळ वाचून दाखवली, अगदी नम्रपणे. मी ते कागद मागून घेतले आणि पहिल्यापासून वाचले. लपवलेलं काही नव्हतं. अक्षर बारीक होतं, चष्म्याने लागत होतं. मान अवघडली. तेही कामच आहे.

गाडी दारात उभी राहिली. मुलगी दुसऱ्याची टॅक्सी चालवू लागली. मिळालेल्यातला निम्मा वाटा मालकाचा. रेघ्या पायरीवर बसून असायचा.

"रेघ मारली नसती तर?" त्याने एकदा विचारलं.

"तरी कळलं असतं. त्यांची पिवळी तुटली होती."

त्याने मान हलवली.

"पोरगी काही बोलली का?" मी विचारलं.

"जेवायला वाढते," तो म्हणाला.

शेवटी भंगारवाल्याकडे एक जुना गिअरबॉक्स मिळाला. त्याने पावती पुढे केली. मुलीने ती बापाच्या हातात दिली. "वाचा."

रेघ्याने ओळीखाली बोट धरलं. "विकलेल्या मालाची कसलीही हमी नाही."

"पुढे?"

"पुढे याचा फोन नंबर."

"उलटून बघा."

त्याने उलटून बघितलं. कोरं होतं. मग तिने सही केली.

गिअरबॉक्स चढवताना जॅक मी धरला होता. मुलगी दिवा घेऊन शेजारी आडवी झाली होती. शेवटचा बोल्ट आवळून रेघ्याने हात पुसले आणि पाने पेटीत ठेवले. रंगाचा डबा त्याने काढला नाही. तो मुलीने काढला, झाकण उचकटून त्याच्याजवळ सरकवला.

"मारा."

"कशाला आता?"

"ढिला पडला तर मला कळायला हवं ना."

तो परत खाली शिरला. एकेक बोल्ट घेत, सावकाश. काम झाल्यावर मुलीने कपडे झटकले, गाडी सुरू केली आणि रस्त्याला लागली. तिसरा पडला तेव्हा आम्ही दोघांनी कान दिला. घरघर नव्हती.