शेवटच्या खुर्चीतला चेहरा

शेंद्र्याच्या आमच्या कंपनीत स्लाइड दाखवून बोलायचं असलं की मॅनेजर साहेब आदल्या दिवशी मला शेवटच्या खुर्चीत बसवून तालीम करायचे. त्यांच्या गालात लवंग धरलेली. "पडद्याकडं काय बघायचं? एक ओळखीचा चेहरा धरायचा अन् त्यालाच सांगायचं." तो चेहरा माझा, याचा मला लई अभिमान.

परवाच्या तालमीत त्यांनी शेवटची स्लाइड तेवढी दाखवली नाही. काल सगळ्यांसमोर ती लागली: आमचं पेंट शॉप, मी काम करतो तो रंगकामाचा विभाग, पुढच्या महिन्यापासून बंद. साहेब पडद्याकडं वळलेसुद्धा नाहीत. माझ्याकडं बघत, जराही न अडखळता, सगळं सांगून मोकळे झाले.

 वायर गुंडाळत, लवंग चावत ते जवळ आले.

"मागपर्यंत आवाज आला ना?"

सवयीनं मी म्हणालो, "आला, साहेब."