कालिंदीवहिनींचे केस आणि ड्रममधला अशोक

कालिंदीवहिनींची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये एक गल्ली आहे, पण ती नावालाच. मंगला गौरीकडून बालाजी घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्ल्या खाली जेमतेम दोन माणसांपुरत्या, आणि वर घरं एकमेकांकडे झुकलेली. कठड्यावर रेलून मी हात लांब केला की वहिनींच्या हातातली कात्री माझ्या हातात येते. आमचं निम्मं आयुष्य असंच इकडून तिकडे गेलं आहे. कात्री, शेणखत, मोगऱ्याच्या फांद्या, लिंबाचं लोणचं, आणि मी भूगोलाची निवृत्त मास्तरीण असल्यामुळे माझ्याकडून न मागितलेला सल्ला.

दोघींच्याही बागा जाळीखाली आहेत. काशीत गच्चीवर झाड लावायचं तर आधी वानरांचा विचार करावा लागतो. सकाळी आम्ही जाळीच्या आत बसतो, वानरं बाहेर कठड्यावर बसून आमच्याकडे बघतात, आणि नक्की कोण कोणाला बघायला आलं आहे हे सांगणं कठीण होतं.

वहिनी वाईच्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला आता इतकी वर्षं झाली की त्यांची मराठी आमच्यासारखीच झाली आहे, अर्धं वाक्य गंगेत बुडवून काढलेलं. त्यांचे यजमान ढुंढिराज, त्यांना मी लहानपणापासून दादा म्हणते. दादांनी संस्कृत पाठशाळेत जन्मभर काव्य शिकवलं. घरात पुस्तकं ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी झाडं लावायला काढली, आणि तीही पुस्तकांतलीच. कुंद, माधवी, कर्णिकार. बाकीची जगली-मेली, पण एका कापलेल्या ड्रममध्ये लावलेला अशोक मात्र चांगला पुरुषभर वाढला. खरा अशोक, सीतेचा. तो रस्त्याकडेचा उंच शेंडीवाला नव्हे. या अशोकाला वसंतात बुंध्याला आणि जून फांद्यांना केशरी, सुवासिक गुच्छ येतात, असं दादा सांगत. आम्ही पाहिले कधीच नाहीत, कारण तो एकदाही फुलला नाही.

वसंत पंचमीच्या सकाळी वहिनी न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या. गंगेवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यातूनच ऊन येत होतं, आणि त्या उजेडात मला त्यांचं एरवी पदराखाली असणारं डोकं पहिल्यांदा नीट दिसलं. सगळं पांढरं. मी दर पंधरा दिवसांनी डाई लावणारी बाई; मला राहवलं नाही.

"वहिनी, तुम्ही अगदीच सोडून दिलं का हो?"

"यांचा डोळा गढूळ व्हायला लागला तेव्हाच सोडलं," त्या म्हणाल्या. "बघणारंच कोणी नाही, तर थापायचं कशाला?"

"आम्ही नाही का बघत?"

"तू स्वतःच रंगवलेली. तू काय बघणार."

मग बराच वेळ आम्ही केसांवरच बोललो. हाताशी कामं चालूच होती. त्या गुलाबाची माती उकरत होत्या, मी जास्वंदीवरची चिकट्याची कीड पुसत होते. वहिनींनी सांगितलं, त्यांचा पहिला पांढरा केस दादांनीच शोधला. दादांना वाटलं, केसांत कुंदाची पाकळी अडकली आहे. ते हळूच काढायला गेले, आणि केस ओढला गेला. वहिनींनी त्याच दुपारी चौकातून डाईची पुडी मागवली.

"त्यांना ठाऊक आहे का, आता सगळे पांढरे झालेत ते?"

"मी नाही सांगितलं." वहिनी थोड्या लाजल्या. "इंदू, त्यांच्या डोळ्यांत मी अजून काळीच आहे. राहू दे की तसंच."

खरं म्हणजे तसंच राहू देण्यासारखी गोष्ट नव्हती. लहानपणी विटी लागून दादांचा एक डोळा कायमचा गेलेला. सगळं काव्य त्यांनी दुसऱ्या डोळ्याने वाचलं, आणि त्या एकुलत्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. त्यांना उजेड कळायचा, रंगाचे डाग कळायचे, माणूस कळायचा नाही. डॉक्टर म्हणत होते, होळीनंतर लगेच करून टाका, फार पिकला तर आत फुटेल आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही. हैदराबादचा सुश्रुत, त्यांचा मुलगा, रोज फोनवर रागवायचा. दादा सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि एकच उत्तर देत.

"अशोक फुललेला एकदा बघतो. केशरी डाग तरी दिसेल. मग कापा."

ऑपरेशन फसलं तर निदान तेवढं पाहून झालेलं असावं, हा त्यांचा हिशोब. ते घाबरले होते, आणि घाबरलो म्हणायला लाजत होते. जो अशोक कधी फुललाच नाही त्याच्या फुलण्यावर त्यांनी आपला डोळा टांगून ठेवला. मला त्यांचा भयंकर राग आला. वहिनींना मात्र आला नाही. त्या रोज पहाटे ड्रमशी उकिडव्या बसून बुंधा बोटांनी चाचपायच्या, कुठे कळीचा फुगवटा लागतो का बघायच्या.

महाशिवरात्र झाली. माझ्याकडे पिटुनिया फुलला, डेलिया फुलला, वहिनींच्या आंब्याच्या कलमाला मोहोर आला, गच्ची दिवसभर त्या वासाने आणि मधमाश्यांनी गुंगत राहायची. दुपारी आम्ही दोघी भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचो आणि जागं झाल्यावर पहिल्यांदा ड्रमकडे बघायचो. अशोक हिरवागार, ढिम्म.

"लाथ मारा त्याला," मी वैतागून म्हटलं.

मी वैतागून म्हटलं खरं, पण आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दादांनी रोप आणलं त्या दिवशी सगळ्यांना हसत सांगितलं होतं, की जुने कवी म्हणतात, अळता लावलेल्या, पैंजण घातलेल्या तरुणीने डाव्या पायाने ताडन केल्याशिवाय अशोक फुलत नाही. वहिनी तेव्हा चिडल्या होत्या. झाडाला पाय लावायचा? कुंडीला चुकून पाय लागला तर हात जोडणारी बाई ती.

"ते तरुणीचं आहे," वहिनी आता म्हणाल्या. "माझं डोकं बघ."

"मग डोकं काळं करू. झाडाला काय कळतंय?"

"मजाक नको करू, इंदू."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच जुनी साडी नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून बसल्या होत्या. मी माझी वाटी आणि ब्रश घेऊन त्यांच्याकडे गेले. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण झाडाला फसवण्यासाठी कोणाचे केस रंगवले नव्हते. जाळीबाहेर वानरांची एक आई पिलाच्या उवा काढत बसली होती, आणि ती अधूनमधून आमच्याकडे असं बघत होती की मला संकोच वाटला.

केस धुऊन वाळले. मी वहिनींच्या पायांना अळता लावला. त्यांच्या लग्नातले पैंजण ट्रंकेतून निघाले होते, काळे पडलेले, ते आम्ही राखेने घासले. वहिनी ड्रमसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी आधी अशोकाला नमस्कार केला, मग साडी जरा उचलून डावा पाय पुढे टाकला, आणि तो थेट ड्रमच्या पत्र्यावर बसला. पैंजण वाजले, पत्रा वाजला, वहिनी अंगठा धरून खाली बसल्या. हसावं की रडावं आम्हाला कळेना. मग त्या उठल्या आणि दुसऱ्यांदा, अगदी हलकेच, बुंध्याला पाय लावून पुन्हा नमस्कार केला.

खालून दादांचा आवाज आला. "वर कोण आहे?"

"मांजर आहे," वहिनी म्हणाल्या.

"पैंजण घातलेलं?"

वहिनींनी पैंजण घाईघाईने काढून पदरात बांधले. 

आम्ही वाट पाहिली. अशोकाला नवी पालवी आली, तांबूस, लोंबकळणारी, फार सुंदर. फूल मात्र नाही. डॉक्टरांची तारीख जवळ आली, दादांचं उत्तर बदललं नाही. एका सकाळी मी कात्री मागायला हात लांब केला तर वहिनींनी कात्री न देता माझा हातच धरून ठेवला.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसेनासं झालं तर मी सांभाळीन, त्याचं काही नाही. पण त्यांना बघायचंय गं. बघायचंय आणि भितात. आणि मी इथे एका झाडापाशी हात जोडून बसले आहे."

होळीआधीच्या रंगभरी एकादशीला गल्लीगल्लीत अबीर-गुलाल उधळला जात होता, खालून वर गुलाबी धूळ येत होती. वहिनी बाहेरून आल्या त्या पदराखाली काहीतरी लपवून. होळीच्या रंगासाठी टेसू विकायला येतात, पळसाची फुलं, ती त्यांनी ओंजळभर आणली होती. गजऱ्याच्या दोऱ्याने आम्ही ती अशोकाच्या बुंध्याला बांधली.  पळसाचं फूल पोपटाच्या चोचीएवढं, अशोकाचं नखाएवढं. आंधळ्यालाही फरक कळेल, हे मी वहिनींना सांगितलं.

"त्यांना केशरी तेवढं दिसेल," त्या म्हणाल्या. "हात लावू देणार नाही मी."

दादा वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढले. आमचे जिने उभे आणि अंधारे. दोन-तीन वर्षं ते असेच, वहिनींच्या मागे, खांद्याचा आधार घेऊन चढत होते. वर आले, ड्रमसमोर उभे राहिले. चेहरा इतका पुढे नेला की नाक बुंध्याला टेकलं. आणि वहिनी अडवणार त्याआधीच त्यांनी हात लावला. एका फुलावरून त्यांचं बोट फिरलं, मग दोऱ्यावरून, मग गाठीवर थांबलं. मी कठड्याशी उभी. खाली कोणीतरी डमरू वाजवत चाललं होतं.

"फुललाय," दादा म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. "चला. आता कापू दे डोळा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वहिनींच्या डोक्याला पुन्हा एकदा डाई लावली. मीच आग्रह केला. पट्टी निघाल्यावर माणसाला समोर काहीतरी बरं दिसावं, असं माझं म्हणणं. वहिनींनी मान खाली घालून लावून घेतली; त्यांनाही ते हवंच होतं.

डोळा वाचला. पट्टी निघाल्यावर दादा काळा चष्मा लावून घरी आले तेव्हा मी तिथेच होते. सरळ गच्चीवर जायचं म्हणाले. आता मात्र वहिनींच्या खांद्यावर हात न ठेवता, भिंत धरून, एकेक पायरी बघत चढले. बुंध्यावर वाळलेल्या टेसूंचे काळपट तुकडे आणि आमचा दोरा तसाच होता; गडबडीत दोघींना काढायचं सुचलं नव्हतं. मी सारवासारव करायला तोंड उघडलं.

"इंदू, पळसाला वास नसतो," दादा म्हणाले. "मोतीबिंदू डोळ्यात होता. नाकात नव्हता."

"मग हो का म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

दादा वळले आणि त्यांनी चष्मा थोडा वर करून वहिनींकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. वहिनी नव्या नवरीसारख्या खाली बघत होत्या, काळेभोर केस चापूनचोपून बसवलेल्या. मला वाटलं, माझी मेहनत फळाला आली. पण दादांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हे काय केलंस?" ते म्हणाले.

"काय?"

"जिना चढताना तुझी वेणी रोज माझ्या हाताला लागायची. हलकी झाली होती, खरखरीत झाली होती. मी समजलो की पांढरी झाली असणार. तू बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही." ते थांबले. "मला अशोकाचं काही नव्हतं गं. मला भीती वाटत होती, म्हणून त्याला पुढे केलं. त्या दिवशी हाताला दोऱ्याची गाठ लागली. म्हटलं, जन्मात कधी झाडाला पाय न लावलेली बाई माझ्यासाठी लाथा मारते, फुलं बांधते. हिला बघितलं पाहिजे. ही पांढऱ्या केसांची कशी दिसते ते मी अजून बघितलंच नाही. तेवढ्यासाठी त्या टेबलावर झोपलो, आणि तू काळी होऊन बसलीस."

वहिनी तिथेच, गुलाबाच्या कुंडीशेजारी, खाली बसल्या आणि रडल्या. मी डाईच्या वाटीचा विचार करत होते. ती माझीच होती.

आता चैत्र सरत आला आहे. मी अजून रंग लावते. माझ्याकडे बघायला कोणी जिना चढून येणार नाही, पण सवय आहे. वहिनींनी पुन्हा लावला नाही. दादा रोज सकाळी वर येतात, आधी अशोकाभोवती एक फेरी मारतात. फूल नाही, पालवीसुद्धा आता हिरवी झाली. पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मग न्हाऊन बसलेल्या वहिनींच्या मागे स्टूल ओढून बसतात. त्यांच्या भांगात दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी आली आहे, आणि दादा ती मोगऱ्याच्या कळ्या शोधाव्यात तशी केस बाजूला करून करून बघतात.

आज त्यांनी वहिनींची मान हलकेच उन्हाकडे वळवली आणि मला कठड्याशी बोलावलं.

"इकडे बघ, इंदू," ते म्हणाले. "बोटभर आलेत."

 वहिनी डोकं तसंच उन्हात धरून बसून राहिल्या.