सव्वाचारचा वाचक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

नसरीन माझी कॉलेजातली मैत्रीण. ती भोरची, मी हिर्डोशीची. मोबाईल नुकते आले होते, पण आमच्या डोंगरात रेंज कुठली? म्हणून दोघींनी मिळून एक ब्लॉग काढला. खासगी. नेट कॅफेत बसून एकमेकींना लिहायचं. नसरीननं त्याला काउंटरही जोडला होता — कोण किती वाजता आलं, कुठलं पान उघडलं, किती वेळ थांबलं, सगळं दाखवणारा. यायचो आम्ही दोघीच.

मग नसरीन गेली. एका सकाळी, घरच्या जिन्यावर. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं होतं. तेवीस वर्षांची होती.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. मी तेव्हा भोरच्या एका टायपिंग क्लासात नोकरीला होते. सहज काउंटर उघडला तर — आदल्या दिवशी सव्वाचारला कुणीतरी आलं होतं. तिच्या नावानं. पहिलं पान, नऊ मिनिटं. दुसऱ्या दिवशी सव्वाचारलाच दुसरं पान. मग तिसरं. रोज एकच, ओळीनं. खरं सांगू? मला वाटलं, तीच येते.

पाचव्या दिवशी मी त्या वेळेला आमच्या नेहमीच्या कॅफेत गेले. पाठमोरा माणूस, शर्टाला ग्रीसचे डाग, एका बोटानं अक्षरं शोधत होता. नसरीनचे अब्बा, मी त्यांना चाचा म्हणायचे. कापूरहोळचं त्यांचं गॅरेज सोडून रोज येत असणार. शेजारी तिची वही उघडी — तीत पासवर्ड. मी आल्या पावली परतले.

भीती तिथं संपायला हवी होती ना? खरी तिथूनच सुरू झाली. कारण पुढचं एक पान मला पाठ होतं. नसरीननं लिहिलं होतं — जिना चढला की जीव घाबरा होतो, घरी सांगू का? खाली माझं उत्तर होतं — आत्ता नको. सांगितलंस तर तुला पुण्याला राहू देणार नाहीत. आपण ठरवलेली खोली जाईल.

मी म्हणाले होते, सांगू नको. मी.

रोज बघायचे. त्या पानापर्यंत सात पानं उरली. चार. दोन. तिचा पासवर्ड मलाही माहीत होता. मग मी ते पान पुसलं आणि त्याच तारखेवर नवं लिहिलं — तिच्या नावानं, अगदी तिच्यासारखं. ‘बरं वाटत नाही. घरी सांगत नाही, अब्बा चिडतील. मैत्रिणीलाही सांगितलेलं नाही.’

चाचा तिच्यावर कधीच चिडले नव्हते.

त्या पानावर ते चाळीस मिनिटं थांबले. दुसऱ्या दिवशी पुढचं उघडलंच नाही. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

महिन्याभरानं एसटी स्टँडवर भेटले. दाढी वाढलेली.

“पोरी, तुलाबी तिनं काय सांगितलं न्हाई?”

“नाही, चाचा.”

“आमाला लई भ्यायची का गं ती?”

सांगता आलं असतं. गाडीला वेळ होता, आसपास कुणी नव्हतं. मी म्हणाले, “थोडीशी.”

त्यांनी मान हलवली. “म्या कधी हात न्हाई उगारला,” एवढंच बोलले, ते पण माझ्याकडं न बघता.

चाचा जाऊनही आता वर्षं झाली. जाईपर्यंत ते तेच खरं मानत होते.