रूथबाईंचं सुतक

परवा बंबातल्या निखाऱ्यांवर पाणी सांडलं, ओल्या राखेचा वास आला आणि मला वरकुट्यातल्या रूथबाईंचं स्वयंपाकघर आठवलं.

पन्नासच्या दशकात दूरदेशाहून मिशनच्या कामासाठी आलेल्या या बाई आम्हा मुलींना अक्षरं शिकवत. पुढे मी पदवीपर्यंत पोचले, त्याची सुरुवात त्यांच्या ओसरीवर झाली.

एके सकाळी त्यांना घरून पत्र आलं. त्यांची आई वारली होती आणि पत्र बोटीने येईपर्यंत महिना उलटला होता. माझी आई मला घेऊन त्यांना पिठलं-भाकरी द्यायला गेली, तर बाई चुलीवर चहा ठेवत होत्या.

“चूल पेटवू नगा, बाई. सुतक हाय तुमाला,” म्हणत आईने निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं.

“पण माती कधीच झाली, रखमाबाई.”

“तुमाला आज कळलं न्हवं? मग आजपासनं धरायचं.”

बाई हसल्या. “आई देवाजवळ आहे. आम्ही शोक करू नये.”

“देवाजवळ हाय, खरं हाय. पर तुमच्याजवळ न्हाय की.”

बाई खाली बसल्या आणि आपल्या भाषेत एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणत रडल्या. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

आम्हाला देवाच्या गोष्टी सांगणारी एवढी मोठी बाई रडते कशी, हे मला तेव्हा कळेना. त्या जेमतेम विशीतल्या असतील. माझी नात आता तेवढीच आहे आणि ताप आला की अजून आईला हाका मारते.